आदिवासी, मोठा साइज

आमच्या साडूंइतक्या निर्मळ मनाने माणसांचा अपमान करणारा दुसरा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात सापडायचा नाही. अपमान करताना बहुतेकांच्या मनात थोडाफार राग तरी असतो, नाहीतर मत्सर. साडूंच्या मनात तसलं काही नसतं. असलाच तर समोरच्याविषयी कौतुकाचा उमाळा असतो. त्यामुळे ज्याचा अपमान झाला तो बिचारा गोंधळून निघून जातो, आणि शेजारी उभा असलेला माझ्यासारखा माणूस आठवडाभर तोंड लपवत फिरतो. तीस-पस्तीस वर्षं मी त्यांच्या वतीने शरमतो आहे. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर पिपरी मेघेला घर बांधलं तेव्हा वाटलं होतं, आता थोडं अंतर पडेल. पण वर्धा ते केवढंसं, आणि साडूंचा आवाज तो केवढा.

त्यांचा धंदा ड्रेपरीचा. म्हणजे नाटकांना, शाळांच्या स्नेहसंमेलनांना आणि तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन नटूनथटून निघणाऱ्या पोरांना कपडे भाड्याने द्यायचे. खाली दुकान, वर घर. दुकानात जमिनीपासून छतापर्यंत पत्र्याच्या पेट्या, आणि प्रत्येक पेटीवर पांढऱ्या रंगाने साडूंच्या हातचं अक्षर. एका भिंतीला राजा, प्रधान, यमराज, परी. इथवर कुणाची काही तक्रार असायचं कारण नाही. समोरच्या भिंतीला मात्र अख्खा भारत देश रचून ठेवलेला: ‘मद्रासी’, ‘सरदारजी’, ‘गुरखा’, ‘मारवाडी शेठ, पोटासहित’, ‘चिनी’, ‘आदिवासी, लहान’, ‘आदिवासी, मोठा साइज’. शेठचं पोट कापसाचं होतं आणि दर उन्हाळ्यात ते गच्चीवर वाळत घातलेलं असे. मी सेलू तालुक्यातल्या शाळेत होतो, स्नेहसंमेलनाची जबाबदारी कायम माझ्याच गळ्यात पडायची, आणि नात्यातला म्हणून मला सगळ्या पेट्या निम्म्या भाड्यात मिळायच्या. तेव्हा मला त्या पाट्या कधी खटकल्या, असं मी छातीला हात लावून सांगू शकत नाही.

खटकायचे ते साडू. कारण त्यांच्या लेखी पेटीतला माणूस अस्सल आणि रस्त्यावरचा नकली. एकदा रक्तदाब तपासायला मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर तामिळनाडूकडचे, तरुण, चष्मेवाले, अगदी स्वच्छ हिंदी बोलणारे. साडूंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, “साहेब, तुमी मद्रासी वाटतच नाई. लुंगी नाई, भस्म नाई. आमच्या पेटीत तुमच्याहून पक्का मद्रासी हाय.” मी तोंडावर रुमाल धरला. डॉक्टरांनी गोळी अर्धीची एक केली. बाहेर आल्यावर साडू मला म्हणतात, “चांगला हाय पोरगा. फक्त फिनिशिंग कमी पडलं.”

मिझोरामची एक मुलगी इथे नर्सिंग शिकायला होती. कॉलेजच्या कार्यक्रमासाठी तिला नऊवारी हवी होती. साडूंनी तिच्याकडे पाहिलं आणि काही विचारायच्या आत ‘चिनी’ची पेटी खाली उतरवली. ती म्हणाली, “अंकल, मैं इंडिया की हूँ.” साडू म्हणाले, “तेच तं म्हणून राह्यलो बेटा. इंडिया का चिनी.” माझ्या हातातला चहा अंगावर सांडला.  त्या मुलीने स्वतःच शिडी लावली, नऊवारी काढली, पदर कसा घ्यायचा ते माझ्या मेहुणीकडून शिकून घेतलं आणि निघून गेली. कार्यक्रमात तिला बक्षीस मिळालं. तिचा फोटो साडूंनी दुकानात लावला, आणि येईल त्याला अभिमानाने दाखवत, “पाय बरं, चिनीले बी नऊवारी शोभते.”

त्यांची आणखी एक रीत होती, आणि तीच पुढे नडली. घरी पाहुणा येणार असला, की साडू त्या पाहुण्याच्या समाजाचा पोशाख अंगावर चढवत. पाहुण्याला परकं वाटू नये हा शुद्ध हेतू. ट्रान्सपोर्टवाले एक सरदारजी जेवायला आले तेव्हा साडू दारात पेटीतली तयार पगडी आणि दोऱ्याची दाढी लावून उभे. सरदारजी मनाने दिलदार. त्यांनी ती पगडी काढून बाजूला ठेवली, गाडीतून कापड आणवलं आणि अर्धा तास खपून साडूंच्या डोक्याला खरी पगडी बांधून दिली. दाढीबद्दल मात्र हात जोडून म्हणाले, “ये रहने दो जी.” साडूंनी यातून काय बोध घ्यावा? त्यांनी एवढाच घेतला, की रीत चांगली आहे, माल जरा सुधारला पाहिजे.

टीव्हीवरचे विनोदी कार्यक्रम ते झाडून पाहत, पण हसायला नव्हे. तिथल्या ड्रेपरीतल्या चुका काढायला. मुंबईकडच्या अशाच एका कार्यक्रमात आपल्या वऱ्हाडी माणसाला नेहमीप्रमाणे बावळट दाखवलं, आणि व्हॉट्सॲपवर जिल्हाभर आग लागली. आमची मुलगी पूर्वा तेव्हा पुण्याहून आली होती. तिने विचारलं, “काका, तुम्हाला राग नाही आला?” साडू म्हणाले, “आला ना. त्याच्या गळ्यातला दुपट्टा बंगाली होता.” पूर्वाला राहवलं नाही. जेवण टाकून ती त्यांच्याशी भांडायला बसली. माणसं म्हणजे पेट्या नव्हेत, हसणाऱ्याला गंमत वाटते पण ज्याच्यावर हसतात त्याला आयुष्यभर तेच ऐकून घ्यावं लागतं, असं तिने पोटतिडकीने समजावलं. साडूंनी शांतपणे वरण-भात कालवत विचारलं, “आजवर एक तरी माणूस मले सांगाले आला का, का भाऊ, मले दुखलं म्हून?”

“कसा येईल? ज्यांचं दुखतं ते काय तुमचे गिऱ्हाईक आहेत?”

“काऊन नाई येणार? दुकानावर पाटी हाय, पत्ता हाय. सकाळी नऊपासून मी बसून राह्यतो.”

आणि दुसऱ्या दिवशी या गृहस्थाने खरोखरच दुकानाच्या दाराशी दोऱ्याने एक वही टांगली. वर लिहिलं, ‘कोणाचे मन दुखावले असल्यास येथे लिहावे.’ वर्षभरात त्या वहीत दोन नोंदी झाल्या. एक, राजाच्या अंगरख्याला उंदराने भोक पाडल्याची. दुसरी, कुणीतरी पेन चालतं का ते पाहिलं होतं. साडूंनी ती वही पूर्वाला मुद्दाम दाखवली. मी मध्ये पडून म्हणालो, “जाऊ दे गं, काकांच्या मनात काही नसतं.” हे वाक्य मी त्यांच्या बाबतीत इतक्या वेळा वापरलंय, की ते झिजून गुळगुळीत झालंय.

अशात त्यांच्या निखिलने लग्न ठरवलं. मुलगी नाचणगावची, मनीषा. गोंड समाजाची, कृषी खात्यात नोकरीला, निखिलच्याच ऑफिसात. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली. कुणी जात काढली, कुणी रीतिरिवाज काढले, माझी मेहुणी चार दिवस देवापाशी बसून राहिली. साडूंनी मात्र सगळ्यांना एका झटक्यात गप्प केलं. “पोरगी पोराले पसंत हाय, मले पसंत हाय. ज्याले नसंन त्यानं जेवाले येऊ नोको.” मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की मी उठून त्यांना मिठी मारली. मिठीतच ते माझ्या कानात म्हणाले, “आन साडभाऊ, चिंताच नाई. आपल्यापाशी त्यांचा पुरा सेट हाय.”

मी हसलो. मला वाटलं, गंमत करताहेत. मी तेव्हाच तो सेट उचलून गच्चीवरून फेकून द्यायला हवा होता.

बैठकीचा दिवस रविवारचा. मुलीचे वडील निवृत्त पोस्टमन, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. आई, एक आत्या, आणि मनीषा स्वतः. निखिलने आणि मी त्यांना वर आणलं, खुर्च्या दिल्या. मेहुणी पोहे घेऊन आली. पोस्टमनबुवा मितभाषी, पण प्रसन्न. “भाऊ कुठी हायेत?” त्यांनी विचारलं. आतल्या खोलीतून आवाज आला, “आलो आलो,” आणि पडदा सरकला.

जे दिसलं ते सांगताना आजही माझी जीभ अडखळते. पासष्ट वर्षांचा, अडीच मण वजनाचा तो गृहस्थ. डोक्यावर रंगवलेल्या कोंबड्याच्या पिसांचा मुकुट. कमरेला सुतळीचा घागरा, खाली अर्धी चड्डी दिसते आहे. खांद्यावर बिबट्याच्या ठिपक्यांचं मखमली कापड, गळ्यात प्लास्टिकच्या हाडांची माळ, हातात चंदेरी कागद लावलेला भाला. आणि तोंड, हात, पोटऱ्या, सगळं काळ्या रंगाने माखलेलं. काळ्यावर चुन्याचे पट्टे. त्या अवतारात ते वाकले, दोन्ही हात जोडले, आणि चेहरा असा आनंदाने फुललेला, की जणू त्यांचंच लग्न आहे. “या व्याहीबुवा,” ते म्हणाले, “घर आपलंच समजा.”

मेहुणीच्या हातातला चमचा खाली पडला.  निखिल पांढराफटक पडला होता. मी भिंतीला टेकलो. पोस्टमनबुवांनी पोह्यांची बशी हळूच स्टुलावर ठेवली. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“हे काय हाय भाऊ?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, तेच जास्त भयंकर होतं.

“तुमचा पोशाख,” साडू म्हणाले.

“आमचा?”

“हाव. आदिवासी, मोठा साइज. माह्या हातचा हाय.”

“आमच्या सात पिढ्यांत असा कोनी नाई घातला. माह्या बापानं धोतर घातलं, मी पोस्टाची खाकी घातली. हा कुठचा हाय?”

साडू गोंधळले. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा गोंधळलेलं पाहिलं. भाला एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग ते खरं तेच बोलले, कारण खोटं त्यांना कधी जमलंच नाही. “सिनेमातला. टाकीजमंदी एक पिक्चर लागलता, त्याच्यात जंगलातला नाच होता. तीन खेप पाह्यलं, मंग शिवला.”

तेव्हा मनीषा बोलली. तोवर ती खाली मान घालून बसली होती. “मी घातला हाय हा ड्रेस,” ती म्हणाली. “लहान साइजचा. पाचवीतली गोष्ट हाय. गॅदरिंगमंदी आदिवासी नाच होता. बाईंनी इचारलं, तुमच्यातलं कोनी हाय का, आन मले उभं केलं. ड्रेस वर्ध्याहून आणलाता, पेटीवर याच दुकानाचं नाव होतं. कंबरेले आतून पत्रा होता, तो टोचे. संग काळ्या रंगाची डबी होती. बाई म्हणे, तू तशी दिसून नाई राह्यली, आन माह्या तोंडाले रंग फासला. सगळी शाळा हासली. माह्या आजीनं पाह्यलं तं ती मांडवातून उठून गेली.” ती थांबली. “घरी दोन दिवस रंग निघाला नाई.”

डबी फुकट मिळायची. सेटसोबत. माझ्याही शाळेत यायची, म्हणून मला ठाऊक आहे.

पोस्टमनबुवा उठले. “इचार करून कळवतो,” एवढंच म्हणाले. आपल्याकडे या शब्दांचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. निखिल त्यांच्यामागे जिना उतरून गेला तो संध्याकाळपर्यंत परतला नाही, आणि परतल्यावर बापाशी एक अक्षर बोलला नाही. मेहुणी भिंतीकडे तोंड करून रडत होती. साडू तसेच उभे. मग ते हळूहळू खाली दुकानात गेले, मी मागोमाग. त्यांनी लहान साइजची पेटी उघडली, सुतळीचा घागरा उलटा केला आणि कमरेच्या पट्टीवरून आतल्या बाजूने बोट फिरवलं. बोटाला रक्त आलं. घागरा घसरू नये म्हणून तो पत्रा त्यांनीच घातला होता. ते बोटाकडे बघत राहिले. तोंडावरचा काळा रंग घामाने ओघळून छातीवर आला होता, आणि मला, ज्याला या माणसाच्या शंभर गोष्टींवर शंभरदा हसू आलं होतं, त्याला त्यांच्याकडे पाहवेना.

पंधरा दिवस नाचणगावहून काही निरोप आला नाही. या पंधरा दिवसांत साडूंनी घरातल्या टीव्हीचं बटणसुद्धा दाबलं नाही. मग एका सकाळी माझ्या दारात. “साडभाऊ, मी जाऊन येतो त्यांच्याकडं. तुमी संग चाला. पण घालू काय?” ज्या माणसाकडे अख्ख्या देशाचे कपडे पेट्यांत भरून ठेवलेले, तो मला विचारत होता, काय घालू. मी म्हणालो, तुमचे घाला. ते म्हणाले, “माहे कोनचे?” हा विनोद नव्हता. त्यांना खरंच सुचत नव्हतं. शेवटी माझ्या बायकोने माझा एक पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट काढून दिला. तो त्यांच्या पोटावर बसेना, खालची दोन बटणं उघडीच राहिली. तसेच आम्ही पुलगावची एसटी पकडली.

नाचणगावात त्यांच्या अंगणात आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. साडूंनी पाणी प्यायलं नाही. उभे राहून म्हणाले, “मी तुमचा गुन्हेगार हाय. तो सेट मी गावात चौकात सगळ्यांसमोर जाळतो. पेपरवाल्याले बलावतो. तुमी या, पाहा. पण माह्या पोराचं लग्न मोडू नोका. त्याचा काई दोष नाई.”  पोस्टमनबुवांनी मुलीकडे पाहिलं. म्हणाले, “दुखलं हिचं हाय, हीच सांगंन.”

मनीषा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. “जाळू नोका,” ती म्हणाली. “चौकात जाळसान तं पुन्हा गर्दी जमंल, पुन्हा लोक पाहातीन, पुन्हा आमचंच नाव निघंल. मले काई तमाशा नोको. नुसतं देणं बंद करा. कोनी मांगलं तं नाई म्हणा. काऊन नाई म्हून इचारलं तं सांगा.”

“हाव,” साडू म्हणाले. “हाव बेटा.”

“आन बसा आता. बाबा कवाचे पाण्याचा गिलास घेऊन उभे हायेत.”

साडू बसले आणि पाणी प्यायले. लग्न दिवाळीनंतरचं ठरलं. जेवण करूनच निघायचं असा आग्रह झाला, तेव्हा भाजी-भाकरी झाली. त्यात मनीषाची आत्या मधूनच साडूंच्या उघड्या बटणांकडे पाहून पदराआड हसत होती, आणि ते हसणं ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

परतीच्या बसमध्ये साडू खिडकीशी बसले. देवळी मागे पडेपर्यंत काचेला डोकं टेकून बाहेर बघत राहिले. मला वाटलं, जेवणाने सुस्तावलेत. पण ते जागे होते. म्हणाले, “साडभाऊ, तो लहान सेट बत्तीस वर्ष चालला. वर्षाच्या पाच-सहा शाळा तरी धरा. माह्या पोराचं जमलं म्हून ही पोरगी बोलली. बाकीच्या पोरी कोनापाशी बोलल्या असतीन?”

मी हातातलं तिकीट दुमडत राहिलो.

“तुमच्या शाळेतबी जायचा ना तो?”

“जायचा.”

“मंग तुमी कोनाले घालाले लावत होते?”

“आता कुठलं आठवतंय,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा बाहेर बघू लागले. माझ्यावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे. मी मास्तर माणूस, मला आठवत असतं तर मी सांगितलंच असतं, असं त्यांना वाटलं असणार. तिचं नाव सुनंदा होतं. पाचवी ब, तिसरा बाक, केस कायम तेल लावून चप्प बसवलेले. नाचायला ती तयार नव्हती. डबीचं झाकण निघत नव्हतं, ते मी माझ्या हाताने उघडून दिलं होतं.